तान्ह्यांसाठी जिने चढणाऱ्या डॉक्टर बेकर

विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कमधील उन्हाळा म्हणजे तान्ह्या मुलांचा काळच असे. लोअर ईस्ट साइडसारख्या भागांत युरोपातून आलेली गरीब कुटुंबे चाळवजा इमारतींत दाटीवाटीने राहत. उकाड्याने दूध नासे, खोल्यांत वारा शिरत नसे आणि जुलाबाने मुले पटापट दगावत. हे मृत्यू टाळता येतात, हे महापालिकेला पटवून देणाऱ्या डॉक्टर म्हणजे सारा जोसेफिन बेकर.

१५ नोव्हेंबर १८७३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे एका सुखवस्तू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्या १६ वर्षांच्या असताना वडील विषमज्वराने गेले आणि घराची जबाबदारी अंगावर आली. १८९८ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. शिक्षण घेताना त्या एकाच विषयात नापास झाल्या होत्या, तो म्हणजे निरोगी बालकाची वाढ. त्या चिडीने त्यांनी हा विषय इतका कसून अभ्यासला, की पुढे तेच त्यांचे जीवितकार्य ठरले.

खासगी व्यवसायात मिळकत बेताचीच होती. म्हणून त्यांनी शहराच्या आरोग्य खात्यात निरीक्षकाचे काम पत्करले. ‘टायफॉइड मेरी’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या स्वयंपाकिणीला १९०७ मध्ये पकडून नेण्यात त्यांचा हात होता आणि अनेकांना त्या तेवढ्यापुरत्याच ठाऊक असतात. त्यांचा खरा अनुभव मात्र उन्हाळ्यात आजारी मुले शोधत जिने चढण्याचा होता. मूल सापडे तेव्हा बहुधा उशीर झालेला असे. आयांनीही मृत्यू दैवगती म्हणून स्वीकारलेला असे. आजारी मुलाकडे धावण्यापेक्षा निरोगी मुलाचे दार आधी ठोठवावे, हा विचार त्यांना याच जिन्यांवर सुचला.

१९०८ च्या उन्हाळ्यात शाळांना सुटी असल्याने मोकळ्या असलेल्या ३० परिचारिका त्यांनी मागून घेतल्या. इटालियन वस्तीचा एक भाग निवडला. जन्माची नोंद होताच दुसऱ्या दिवशी परिचारिका त्या घरी पोहोचे. औषधाची बाटली तिच्याजवळ नसे. बाळाला अंगावर पाजावे, रोज अंघोळ घालावी, कपड्यांचे थर कमी करावेत, खिडकी उघडी ठेवावी, एवढेच ती आईला पुन्हा पुन्हा समजावी. उन्हाळा सरला तेव्हा त्या भागात आदल्या वर्षापेक्षा १२०० मृत्यू कमी नोंदले गेले.

त्याच वर्षी महापालिकेने बालआरोग्य विभाग स्थापून त्याची सूत्रे त्यांच्याकडे सोपवली. हाताखाली दिलेल्या सहा पुरुष डॉक्टरांनी स्त्रीच्या हाताखाली काम करणे नाकारून राजीनामे पुढे केले. महिनाभर काम करून पाहा, एवढीच विनंती बेकर यांनी केली. पुढे कोणीही गेले नाही. ब्रुकलिनच्या काही डॉक्टरांनी तर हा विभाग बंद करावा, असा अर्ज महापौरांना केला. मुले आजारीच पडेनाशी झाल्याने आपला व्यवसाय बुडतो, ही त्यांची तक्रार! बेकर यांना यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र मिळणे शक्य नव्हते.

आई कामावर गेली, की धाकटी भावंडे थोरल्या बहिणीच्या कडेवर. हे ओळखून त्यांनी या मुलींना बाळ सांभाळण्याचे रीतसर शिक्षण देणारी मंडळे काढली. इंग्रजी न येणाऱ्या घरांत या मुलीच परिचारिकेचे म्हणणे आईपर्यंत पोहोचवीत. समोरून उघडणारे, बाळाला न आवळणारे झबलेही बेकर यांनी बेतले. संस्थांत भराभर मरणारी बेवारस अर्भके त्यांनी याच गरीब वस्त्यांतील आयांच्या हाती सोपवली आणि ती तेथे अधिक संख्येने जगली. ज्या बायांना अडाणी म्हणून हिणवले जाई, त्यांच्यावर टाकलेला हा विश्वास त्या काळात धाडसाचाच होता.

न्यूयॉर्क विद्यापीठाने व्याख्याने देण्यास बोलावले तेव्हा, मला विद्यार्थिनी म्हणूनही प्रवेश द्या, अशी अट त्यांनी घातली. स्त्रियांना तेथे मज्जाव होता. अखेर विद्यापीठाला नमते घ्यावे लागले आणि १९१७ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. १९२३ मध्ये त्या विभागातून निवृत्त झाल्या. १९३९ मध्ये आत्मचरित्र लिहिले. २२ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांचे निधन झाले.