हौशी रेडिओचे संघटक : हायरम पर्सी मॅक्झिम

बंदुकीचा आवाज दाबणारा ‘सायलेन्सर’ आणि सामान्य माणसाचा संदेश सातासमुद्रापार नेणारी हौशी रेडिओची चळवळ, या परस्परविरोधी भासणाऱ्या दोन गोष्टींशी एकाच माणसाचे नाव जोडले गेले आहे. ते म्हणजे हायरम पर्सी मॅक्झिम.

त्यांचा जन्म २ सप्टेंबर १८६९ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. मशिनगनचे जनक हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम हे त्यांचे वडील. वडील इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. मुलगा मात्र अमेरिकेतच राहिला. वयाच्या सोळाव्या वर्षी ‘एमआयटी’ची पदवी घेऊन त्यांनी पुढे हार्टफर्ड येथे मोटारींच्या निर्मितीत स्वतःला वाहून घेतले. १९०९ मध्ये त्यांना सायलेन्सरचे पेटंट मिळाले.

बिनतारी संदेशवहनाकडे ते वळले ते चाळिशी उलटल्यावर. अमेरिकेत १९१२ च्या कायद्याने परवाना सक्तीचा झाला होता. हौशी मंडळींना २०० मीटर व त्याहून कमी तरंगलांबीच देण्यात आली. या लघुलहरी दूरच्या संदेशवहनास निरुपयोगी आहेत, असाच तेव्हा समज होता. एप्रिल १९१४ मध्ये मॅक्झिम यांचा संदेश जेमतेम ५० किलोमीटरवरील स्प्रिंगफील्डला पोहोचेना. वाटेतील विंडसर लॉक्स येथील एका हौशी केंद्राने तो पुढे पाठविला. या साध्या प्रसंगातून, एकाने दुसऱ्याचा निरोप पुढे न्यावा, ही कल्पना त्यांना सुचली. क्लॅरेन्स टस्का या तरुण सहकाऱ्यासह त्यांनी ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ स्थापन केली. डिसेंबर १९१५ मध्ये ‘क्यूएसटी’ हे नियतकालिक सुरू झाले.

खरी कसोटी पुढेच होती. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरताच, एप्रिल १९१७ मध्ये सर्व हौशी केंद्रे बंद करण्यात आली. युद्ध संपल्यावर रेडिओची मक्तेदारी नौदलाकडे सोपविणारे विधेयक आले. ते संमत झाले असते, तर हा छंद तिथेच संपला असता. मॅक्झिम यांनी संसदीय समितीपुढे हौशी मंडळींची बाजू मांडली, सभासदांनी आपापल्या प्रतिनिधींकडे निषेध नोंदविला आणि विधेयक बारगळले. १९१९ मध्ये बंदी उठली. अवघ्या चार वर्षांनी, नोव्हेंबर १९२३ मध्ये, ‘निरुपयोगी’ ठरविलेल्या त्याच लघुलहरींवर अमेरिका व फ्रान्स यांच्यातील हौशी केंद्रांनी अटलांटिकपार दुतर्फा संवाद साधला. १९२५ मध्ये पॅरिस येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाचे ते पहिले अध्यक्ष झाले.

१७ फेब्रुवारी १९३६ रोजी प्रवासात असताना कोलोरॅडोतील ला हुंटा येथे त्यांचे निधन झाले. ‘डब्ल्यू-१-एडब्ल्यू’ हे त्यांचे संकेतनाम पुढे लीगच्या मुख्यालयातील केंद्राला देण्यात आले. आज भारतात परीक्षा देऊन ‘व्हीयू’ने सुरू होणारे संकेतनाम मिळविणारा नवा ‘हॅम’ ज्या लहरींवर पहिली हाक देतो, त्या हौशी मंडळींच्या हाती राहिल्या, यात मॅक्झिम यांच्या चिकाटीचा वाटा मोठा आहे.