पदवी नसलेला प्राध्यापक

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणून पॅट्रिक गेडिस यांच्याविषयी वाचताना प्रथम मनात भरले ते हेच, की या गृहस्थांनी पदवी घेतलीच नव्हती! जन्म १८५४, स्कॉटलंडचा. हक्स्ले यांच्याकडे प्राणिशास्त्र शिकले. पुढे दृष्टी अधू झाली, सूक्ष्मदर्शक सुटला आणि ते शहरांकडे वळले. नगररचनेचा विभाग लिव्हरपूलला १९०९ साली निघाला होता. १९१९ साली मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग गेडिस यांच्या हाती दिला. आपल्याला पुस्तकांतून भेटणारे घुर्ये त्यांचेच विद्यार्थी.

आधी गल्लीबोळ पायी हिंडा, मग नकाशा काढा, ही त्यांची रीत. सरसकट पाडापाडी त्यांना नामंजूर. एखाददुसरे पडके घर काढून हवा खेळवावी, बाकी वस्ती राखावी. प्लेगच्या दिवसांत इंदूरला त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढविली आणि ती सर्वांत स्वच्छ रस्त्यांवरून जाईल असे जाहीर केले. मग काय, घरोघर झाडू निघाले! १९३२ साली फ्रान्समध्ये ते वारले.

आमच्या धुळ्यातल्या गल्लीत भिंतींवर रुंदीकरणाच्या खुणा पडल्या आहेत. परवा वही घेऊन मी गल्ली पावलांनी मोजली. काय हरवले, म्हणून आजी ओट्यावरून विचारीत होती.