अंतरावर विजय

मुंबई आणि लंडन या शहरांमध्ये हवाई मार्गाने सुमारे ७,२०० किलोमीटर अंतर आहे. शंभर वर्षांपूर्वी आगबोटीने हा प्रवास करण्यास दोन-तीन आठवडे लागत. आज विमान तो नऊदहा तासांत पुरा करते. आपल्या देशात हे परिवर्तन घडविण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचे नाव अग्रभागी आहे.

जहांगीर यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. त्यांची आई फ्रेंच होती. फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर उतरणारी विमाने पाहून त्या बालकाच्या मनात आकाशाची ओढ निर्माण झाली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना होय.

पुढे आगाखान यांनी एक पारितोषिक जाहीर केले. भारत व इंग्लंड यांमधील प्रवास एकट्याने विमान चालवून प्रथम पुरा करणाऱ्या भारतीयास पाचशे पौंड मिळणार होते. मे १९३० मध्ये जहांगीर तेव्हाच्या अखंड भारतातील कराचीहून लंडनकडे निघाले. अस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा तरुण त्याच वेळी लंडनहून कराचीकडे येत होता. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. स्पार्क प्लगावाचून अस्पीचे विमान अडून पडले होते. या शर्यतीत तासातासाला मोल होते. जहांगीर तसेच पुढे गेले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्यास दिले. अस्पीनेही कृतज्ञतेने आपले जीवरक्षक जाकीट त्यांना दिले. अखेर अवघ्या काही तासांच्या फरकाने अस्पी विजयी झाला. हाच तरुण १९६० साली भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला.

पारितोषिक हुकले, तरी जहांगीर यांचा उत्साह मावळला नाही. लंडनहून कराचीपर्यंत विमानाने येणारी टपाल पुढे त्वरेने पोहोचावी, म्हणून त्यांनी नेव्हिल व्हिन्सेंट यांच्या साहाय्याने हवाई टपालसेवा उभारली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते स्वतः टपाल घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईस जुहू येथे उतरले. तेथून व्हिन्सेंट यांनी ती मद्रासकडे नेली. ते चिमुकले विमान ताशी सुमारे १६० किलोमीटर वेगाने उडे. म्हणजे यवतमाळहून नागपूर गाठण्यास त्याला तासही पुरेसा झाला असता. मात्र त्यात वाट दाखविणारा रेडिओ नव्हता. वैमानिकाची नजर आणि धैर्य हाच आधार होता.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. जहांगीर त्या विमानात होते. आठवड्यांचा प्रवास आता सुमारे एका दिवसावर आला होता.

१९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी कराची ते मुंबई हे उड्डाण पुन्हा केले. १९९२ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे देहावसान झाले.

मुलांनो, शहरांमधील अंतर यंत्राने लवकर काटता येते. माणसांमधील अंतर मात्र मनाच्या औदार्यानेच मिटते. जहांगीर यांनी ही दोन्ही अंतरे जिंकली.