लखलखाटात क्षण पकडणारे जॉर्ज पोर्टर

बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपलेली माणसे गुदमरून दगावतात, त्यामागे बहुतेक वेळा कार्बन मोनॉक्साइड असतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनवर ऑक्सिजनची जागा बळकावतो. तीव्र प्रकाश पडला की तो सुटतो आणि निमिषार्धात पुन्हा चिकटतो. एवढ्या थोड्या वेळात काय घडते, हे पाहण्याची युक्ती जॉर्ज पोर्टर यांनी दिली.

पोर्टर यांचा जन्म ६ डिसेंबर १९२० रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायरमध्ये झाला. मुलाची रसायनांची आवड पाहून वडिलांनी त्याला प्रयोगांसाठी चक्क एक जुनी बस मिळवून दिली. लीड्स विद्यापीठात शिकून ते दुसऱ्या महायुद्धात नौदलाचे रडार अधिकारी झाले. विजेचे अत्यल्प काळाचे स्पंद कसे हाताळायचे, हे ते तिथे शिकले.

१९४५ मध्ये ते केंब्रिजला रोनाल्ड नॉरिश यांच्याकडे संशोधनासाठी आले. प्रकाशाने रेणू तुटला की होणारे तुकडे क्षणात नाहीसे होतात. लष्करी सर्चलाइटचा झोत वापरूनही ते दिसेनात. १९४७ मध्ये एक दिवा आणायला पोर्टर प्रेस्टनच्या कारखान्यात गेले. तिथे फ्लॅशचे दिवे तयार होताना पाहून त्यांना मार्ग सुचला. सतत झोत कशाला? एकाच प्रचंड लखलखाटात पुष्कळ रेणू तोडावेत आणि लगेच दुसरा प्रकाश सोडून त्यांचा वर्णपट टिपावा. हेच ‘फ्लॅश फोटोलिसिस’.

१९५४ मध्ये त्यांनी रेयॉन संशोधन संस्थेत काम केले. रंगवलेले कापड उन्हात विटते आणि विरते, त्याचे कारण ते तिथे शोधत होते. पुढच्याच वर्षी ते शेफिल्डला प्राध्यापक झाले. त्याच विद्यापीठात क्वेन्टिन गिब्सन यांनी हिमोग्लोबिनच्या अभ्यासाला ही पद्धत लावली. १९६७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पोर्टर, नॉरिश आणि मॅनफ्रेड आयगेन यांना विभागून मिळाले.

तोवर लेसर आला होता. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये पोर्टर यांनी लेसरचा स्पंद दोन भागांत विभागला. एक भाग नमुन्यावर आधी पडे, दुसऱ्याला आरशांवरून लांबचा फेरा पडे. प्रकाशाला ३० सेंटिमीटर जादा चालवले की एक नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग, उशीर होतो. पुढे मजल पिकोसेकंदापर्यंत, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागापर्यंत गेली.

आता त्यांचे लक्ष हिरव्या पानाकडे वळले. हरितद्रव्याने प्रकाश शोषला की काही पिकोसेकंदांत त्याचा इलेक्ट्रॉन शेजारच्या रेणूकडे उडी घेतो. ही उडी चुकली तर ऊर्जा वाया जाते. अन्न आणि श्वासाचा ऑक्सिजन या उडीवरच अवलंबून आहेत. तिची नक्कल करून उन्हापासून इंधन मिळवावे, हा पोर्टर यांचा ध्यास होता.

१९८५ ते १९९० या काळात रॉयल सोसायटीचे अध्यक्ष असताना, मूलभूत संशोधनाचा पैसा आटू नये म्हणून त्यांनी सरकारपुढे बाजू लावून धरली. ३१ ऑगस्ट २००२ रोजी त्यांचे निधन झाले. उन्हापासून स्वस्त इंधनाचे त्यांचे स्वप्न तेव्हा अपुरेच होते. मात्र रंगद्रव्य लावलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांत इलेक्ट्रॉन किती वेगाने शिरतो, हे आजही आधी एक लखलखाट आणि मागून दुसरा, याच रीतीने मोजले जाते. नव्या सौरघटांचा अभ्यास त्याच मोजमापावर चालतो.