पेशींची पकड आणि घराण्याचा वारसा: डॉ. कमल रणदिवे

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. मुलीने डॉक्टर व्हावं, ही वडिलांची इच्छा. तिला ओढ पेशींची. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींवर काम करून १९४३ साली त्या एम.एस्सी. झाल्या. पती गणितज्ञ होते. अभ्यासात त्यांची मदत झाली.

मुंबईत डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली पीएच.डी. आणि पुढे अमेरिकेत प्रशिक्षण. परतल्यावर कमल रणदिवे यांनी भारतातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. तिथे पेशी शरीराबाहेर वाढवून अभ्यासता येऊ लागल्या. स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचा संबंध ओळखणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्या होत्या.

हाच धागा जठराच्या कॅन्सरमध्येही सापडतो. ई-कॅडहेरिन हे प्रथिन पेशींना एकमेकींशी जोडून ठेवतं. त्याचं जनुक बिघडलं की पकड सुटते आणि सुट्या पेशी जठराच्या भिंतीत पसरतात. हा बिघाड पिढ्यान्‌पिढ्या उतरू शकतो, हे १९९८ साली न्यूझीलंडच्या माओरी कुटुंबांत दिसलं. त्यानेच स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचाही धोका वाढतो.

१९८२ साली पद्मभूषण मिळालेल्या रणदिवे २००१ साली गेल्या. घरात कुणाला कॅन्सर होता का, असं डॉक्टरांनी विचारलं तर आठवून नीट सांगा.