‘जंगल बुक’वाल्या किपलिंगनं मावशीच्या घराची घंटा का मागून घेतली होती?

मुंबईत सीएसएमटीवरून क्रॉफर्ड मार्केटकडे निघालं की जेजे स्कूल ऑफ आर्टचं आवार लागतं. आत झाडीत एक बंगला आहे. रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म इथलाच, असं सांगत त्याचे फोटो दरवर्षी फिरतात. जागा बरोबर आहे, पण हा बंगला नंतर बांधलेला आहे. मूळ घर आता नाही.

३० डिसेंबर १८६५ ला किपलिंग जन्मले. वडील जॉन लॉकवूड जेजेमध्ये शिल्पकला शिकवायचे. क्रॉफर्ड मार्केटवरची दगडी शिल्पं त्यांचीच. छोटा रुडयार्ड आया आणि मिता नावाच्या नोकराच्या अंगाखांद्यावर वाढला. इंग्रजीपेक्षा हिंदुस्थानी त्याच्या तोंडी जास्त असायची. आईवडिलांसमोर जाताना इंग्रजी बोल, अशी त्याला आठवण करून द्यावी लागे.

१८७१ मध्ये सगळं बदललं. इथल्या हवेत मुलं दगावतात म्हणून त्यांना इंग्लंडला ठेवायची तेव्हा गोऱ्या कुटुंबांत पद्धतच होती. सहा वर्षंही पूर्ण न झालेला रुडयार्ड आणि तीन वर्षांची बहीण ट्रिक्स यांना साउथसीमध्ये पैसे घेऊन मुलं सांभाळणाऱ्या एका घरात सोडून आईवडील मुंबईला परतले. आपण परत जातोय हे मुलांना सांगितलंसुद्धा नाही. त्या घरातल्या बाईनं रुडयार्डला मारलं, खोटारडा ठरवलं. डोळे अधू होत गेले, तेही लवकर कुणाच्या लक्षात आलं नाही. हे जवळपास सहा वर्षं चाललं.

सुटका वर्षातून एकदाच, डिसेंबरात. लंडनमध्ये मावशी जॉर्जियाना आणि तिचे चित्रकार पती एडवर्ड बर्न-जोन्स यांचं ‘द ग्रेंज’ नावाचं घर होतं. फाटकावरच्या घंटेची लोखंडी कडी हात उंच करून ओढली की महिनाभर सुख.

पुढे १८८२ मध्ये लाहोरला पत्रकारी, मग लंडन. १८९१ मध्ये ते मुंबईत आले तेव्हा म्हातारी आया डोळ्यांत पाणी आणून भेटली. त्यानंतर भारतात ते कधीच आले नाहीत. १८९२ मध्ये अमेरिकन कॅरोलाइनशी लग्न झालं आणि व्हरमाँटमध्ये घर बांधलं, नाव दिलं ‘नौलखा’. म्हणजे मोगली, बगीरा आणि शेरखान कागदावर उतरले ते अमेरिकेच्या बर्फात! पण मेव्हण्याशी भांडण कोर्टात गेलं आणि १८९६ मध्ये तेही घर सुटलं.

१८९९ मध्ये न्यूयॉर्कला बापलेक दोघांनाही न्यूमोनिया झाला. किपलिंग वाचले, सहा वर्षांची जोसेफिन गेली. इंग्लंडमधल्या रॉटिंगडीनच्या घरात मग तीच दिसू लागली. शिवाय प्रसिद्ध लेखक बघायला गर्दी जमायची ती वेगळीच.

१९०२ मध्ये त्यांनी ससेक्समधलं ‘बेटमन्स’ ९,३०० पौंडांना घेतलं. दारावर १६३४ साल कोरलेलं दगडी घर. शेजारच्या पाणचक्कीवर वीज तयार केली. १९०७ च्या नोबेलच्या पैशातून तळं आणि गुलाबांची बाग केली. आणि मावशीचं घर रिकामं झाल्यावर ती घंटेची कडी मागून आणून आपल्या दाराला लावली. इथं येणाऱ्या मुलांनाही ती ओढताना आनंद व्हावा, एवढीच इच्छा होती. जोसेफिनला मात्र ती कधीच ओढता आली नाही.

भारतीयांना किपलिंग आवडून घेणं सोपं नाही. गोऱ्यांनी राज्य करावं हे त्यांना मनापासून पटलेलं होतं, आणि जालियनवाला बागेतल्या डायरसाठी जमलेल्या निधीतही त्यांनी पैसे घातले. त्याच साम्राज्यासाठी त्यांनी मुलालाही पुढे केलं. अधू नजरेमुळे जॉनला सैन्यानं नाकारलं होतं. वडिलांनी लॉर्ड रॉबर्ट्सकडे शब्द टाकला आणि तो आयरिश गार्ड्समध्ये गेला. सप्टेंबर १९१५ मध्ये फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत तो बेपत्ता झाला. वय जेमतेम अठरा. आईवडिलांनी वर्षानुवर्षं चौकशी केली, पण त्यांच्या हयातीत त्याची कबर सापडली नाही.

१८ जानेवारी १९३६ ला किपलिंग गेले. जवळपास चार वर्षांनी कॅरोलाइनही गेल्या. मृत्युपत्रानुसार बेटमन्स नॅशनल ट्रस्टकडे आलं आणि आज ते पर्यटकांसाठी खुलं आहे.