विश्लेषण : धोतराची गाठ, तंबाखूची चिमूट आणि काचपट्टी... कोण होते डॉ. खानोलकर?

सातारा-सांगलीच्या गावांतून कराडच्या रुग्णालयांत येणाऱ्या एखाद्या रुग्णाच्या तोंडातली जखम दोन-तीन आठवडे झाले तरी भरत नसेल, तर डॉक्टर तिचा लहानसा तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात. कर्करोग आहे की नाही, हे अहवालातून कळते. पण तो नेमका त्याच जागी का झाला? हा प्रश्न भारतात चिकाटीने विचारणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी आहे.

कोण होते डॉ. खानोलकर?

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. १९२३ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्रात, म्हणजे पॅथॉलॉजीत एमडी केले. मुंबईत परतल्यावर ग्रँट मेडिकल कॉलेज आणि नंतर सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी शिकवले. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांची आणि संशोधनाची धुरा त्यांच्याकडे आली.

काचपट्टीवर काय दिसते?

बायोप्सीचा तुकडा फॉर्मलीनमध्ये टिकवतात, मेणात बसवतात आणि त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप घेतात. हे काप जवळपास पारदर्शक असतात, म्हणून ते रंगवावे लागतात. हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रके निळी-जांभळी दिसतात, तर इओसिनने उरलेला भाग गुलाबी होतो. केंद्रके बेढब आणि पेशींची रांग विस्कटलेली दिसली, की तज्ज्ञाला संशय येतो.

खानोलकरांनी वेगळे काय केले?

ते काचपट्टीवर थांबले नाहीत. तो माणूस काय खातो, काय चघळतो, काय नेसतो, हेही त्यांनी पाहिले. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. १९४५ मध्ये डॉ. सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधात सवयींशी जोडलेले तीन कर्करोग मांडले.

• वर्षानुवर्षे कंबरेला घट्ट कसलेल्या धोतरामुळे, त्याच पट्ट्यावर होणारा त्वचेचा कर्करोग.
• चुट्टा पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा कर्करोग.
• तंबाखू-चुन्याची चिमूट खालच्या ओठामागे ठेवणाऱ्यांचा, नेमका त्याच जागचा कर्करोग.

जिथे सवय, तिथे रोग. याचा सरळ अर्थ असा, की यातला बराचसा कर्करोग टाळता येण्याजोगा आहे. घरोघरी मिश्री लावली गेलेल्या आपल्या भागाला हे वेगळे सांगायला नको.

जबड्याचे हाड कोण पोखरते?

तोंडाचा कर्करोग वाढला की जबड्याच्या हाडात शिरतो. मात्र हाड विरघळवण्याचे काम प्रामुख्याने कर्करोगाच्या पेशी स्वतः करत नाहीत. त्यांच्या संकेतांमुळे शरीरातल्याच ‘ऑस्टिओक्लास्ट’ या हाड खाणाऱ्या पेशी जोमाने कामाला लागतात. एरवी याच पेशी जुने हाड काढून नव्याला जागा करून देतात.

त्या ओळखण्यासाठी संशोधनात ‘ट्रॅप’ हे खास रंजन वापरतात. या पेशींत आम्लात काम करणारे एक फॉस्फेटेज विकर असते. चिंचेतल्या टार्टारिक आम्लाचे क्षार, म्हणजे टार्ट्रेट, घातले की अशी इतर बरीच विकरे थंडावतात; हे मात्र काम करत राहते. त्याच्या क्रियेतून सुटणारा पदार्थ रंगद्रव्याशी जुळला, की ती पेशी लाल दिसते. हाडाला चिकटलेली, अनेक केंद्रकांची लाल पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट. हाड कापण्याआधी त्यातले कॅल्शियम काढावे लागते. तिथे तीव्र आम्ल वापरले तर विकरच नष्ट होते, म्हणून ‘ईडीटीए’ने हे काम सावकाश करतात.

या तंत्राचा पाया जॉर्ज गोमोरी यांच्या १९४१ मधील पद्धतीत आहे. ती ज्या ‘आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजी’ नियतकालिकात छापली गेली, त्यातच चार वर्षांनी खानोलकर-सूर्याबाईंचा निबंध आला. रोग पेशीत काय करतो, हे एका वाटेने कळते. तो माणसापर्यंत कसा पोहोचतो, हे दुसरीने.

पुढे काय झाले?

कुष्ठरोगाचे जंतू नसांमध्ये कसे शिरतात, यावरही खानोलकरांनी मोलाचे काम केले. मुंबईतील भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक संचालक होते. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषणने त्यांचा गौरव झाला. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

आज याचे महत्त्व काय?

रंगवलेला काप रोग झाल्यावरच बोलतो. सवय त्याच्या कितीतरी आधी दिसते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणे यांपैकी काहीही दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले, तर तपासणी करून घ्यावी. आणि मिश्री, मावा, गुटखा सोडण्यासाठी बायोप्सीच्या अहवालाची वाट पाहू नये.